मरणाच्या दारातलं बोलणं केसपेपरवर येऊ द्या

प्रति,
मा. कुलगुरू आणि विद्या परिषदेचे सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक

विषय: अंत्यावस्थेतल्या रुग्णांचे अनुभव ऐकण्याचं आणि नोंदवण्याचं शिक्षण

सप्रेम नमस्कार,

मी परिचारिका आहे. आधी कॅन्सर वॉर्डात होते, पुढे पॅलिएटिव्ह केअरमध्ये आले. आजार बरा होणार नाही हे नक्की झाल्यावर माणसाचं दुखणं, धाप आणि भीती कमी करत शेवटपर्यंत त्याच्याबरोबर राहायचं, हे आमचं काम. राज्यातले बहुतेक तरुण डॉक्टर आणि पुष्कळ नर्स तुमच्या विद्यापीठाची पदवी घेऊन वॉर्डात पाऊल टाकतात, म्हणून हे पत्र तुम्हाला. ते उघडपणे लिहिते आहे, कारण यातलं बरंचसं आम्ही वॉर्डात दबक्या आवाजात बोलतो आणि ते तिथंच विरून जातं.

रात्रपाळीत दोन-अडीचच्या सुमाराला वॉर्ड शांत होतो. मावशी जरा टेकलेल्या असतात, नातेवाईक बाकाखाली चादर टाकून झोपलेले असतात. त्या वेळी रुग्ण बोलायला लागतात. "सिस्टर, दारात आई उभी आहे, तिला आत घ्या." आईला जाऊन कित्येक वर्षं झालेली असतात. कुणी म्हणतं, "एसटी सुटेल, माझी पिशवी भरून ठेवा." कुणी लहानपणी विहिरीत बुडून गेलेल्या धाकट्या भावाला हाक मारतं. एखादी आजी कोपऱ्याकडे बघून हात जोडते आणि दिवसभर आवळलेला तिचा चेहरा सैल पडतो. या माणसांना वार विचारला तर ते बरोबर सांगतात, मला नावानं ओळखतात, कुठली नळी कशाची ते त्यांना ठाऊक असतं. त्यांना आई दिसत असते आणि त्याच वेळी मीही दिसत असते.

सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला वॉर्ड सोपवताना, आम्ही हे एकमेकींना सांगतो. रिपोर्ट बुकात मात्र "इर्रिलेव्हंट टॉक", म्हणजे असंबद्ध बडबड, एवढंच उतरतं. राऊंडला आलेले डॉक्टर ते दोन शब्द वाचतात आणि झोपेच्या किंवा भ्रमाच्या औषधाची ऑर्डर लिहून पुढच्या बेडकडे जातात. आयुष्याच्या शेवटच्या आठवड्यात माणसानं सांगितलेली बहुधा सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी पुसली जाते.

ती पुसली जाऊ नये, ही माझी मागणी. रुग्ण काय पाहतो, कुणाशी बोलतो, त्यानं त्याला धीर येतो की धडकी भरते, हे विचारायला आणि लिहायला विद्यार्थ्यांना शिकवा. त्यासाठी आत्मा आहे की नाही हे विद्यापीठानं ठरवायची गरज नाही.

एका मोठ्या रुग्णालयात पाहिलेलं सांगते. नाव घेत नाही, कारण हे कुठल्याही रुग्णालयात घडू शकतं. फुप्फुसाच्या कॅन्सरचे एक निवृत्त शिक्षक होते. गेलेली बायको रात्री पलंगाच्या कडेला येऊन बसते आणि "आवरा आता, निघायचंय" म्हणते, असं ते अगदी शांतपणे सांगायचे. त्यांना त्याची भीती नव्हती. भ्यायली होती मुलगी. तिनं रात्रीच्या डॉक्टरांना गाठलं, "बाबांना वात झालाय, काहीतरी द्या." ते निवासी डॉक्टर पहिल्या वर्षाचे होते आणि सगळा वॉर्ड त्यांच्या एकट्याच्या अंगावर होता. हॅलोपेरिडॉल हे भ्रमावरचं औषध दिलं गेलं, वर झोपेचं इंजेक्शनही. मुलगा नागपूरहून निघालेला होता. तो सकाळी पोचला तेव्हा वडील डोळे उघडत नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते गेले. पुढे किती तरी वेळ ती मुलगी मला एकच विचारत राहिली, "बाबांना अजून काही सांगायचं होतं का हो?"

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. औषधाचा डोस त्यांना शिकवलेला होता. पलंगाशी बसून "बाई काय म्हणाल्या तुमच्या?" असं विचारायचं, हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक येणारा भ्रम, खोटा नाही, हे मी आधीच सांगते, नाहीतर माझं म्हणणं कुणी उलटं घेईल. शेवटच्या दिवसांत तो फार जणांना होतो. रक्तातलं कॅल्शियम वाढतं, सोडियम घसरतं, लघवी तुंबते, शौचाला होत नाही, जंतुसंसर्ग होतो, मॉर्फिनचा डोस मूत्रपिंडांना झेपत नाही. अशा वेळी माणूस दिवस-रात्र विसरतो, क्षणात ओळखतो आणि क्षणात ओळखत नाही, चादर ओढतो, नळ्या उपसतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणून किंचाळतो. त्याचं कारण शोधून त्यावर उपचार व्हायलाच हवेत. लघवीची पिशवी तपासल्याबरोबर शांत झालेले रुग्ण मी पाहिले आहेत. पण डिलिरियम आणि ते शिक्षक सांगत होते ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पलंगाशी दहा मिनिटं बसलं तर बहुतेक वेळा त्या ओळखू येतात: लक्ष टिकतं का, बोलण्यात संगती आहे का, भीती आहे की दिलासा, आणि काल सांगितलेलं आज आठवतं का. काही वेळा दोन्ही एकत्र असतात, तेव्हा दोन्हींकडे बघावं लागतं. या दहा मिनिटांचं प्रशिक्षण मी तरी कुठे पाहिलेलं नाही.

इंजेक्शनचंही सांगते. ऑस्ट्रेलियातल्या पॅलिएटिव्ह केअर केंद्रांतल्या २४७ रुग्णांवरचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सौम्य ते मध्यम डिलिरियम असलेल्या या रुग्णांपैकी काहींना रिस्पेरिडोन, काहींना हॅलोपेरिडॉल आणि काहींना नुसतं प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला डोस, दिलं होतं. मूळ कारणावरचे उपचार आणि शांत ठेवणारी शुश्रूषा सगळ्यांनाच मिळाली. औषध घेतलेल्यांचा त्रास प्लासिबोवाल्यांपेक्षा जास्त राहिला आणि हॅलोपेरिडॉल घेतलेले प्लासिबोवाल्यांपेक्षा कमी जगले. खरा डिलिरियम असतानाही जे औषध इतकं जपून वापरायला हवं, ते गेलेल्या बायकोशी शांतपणे बोलणाऱ्या माणसाला कुठल्या आधारावर दिलं जातं?

न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात एक हॉस्पिस, म्हणजे अंत्यावस्थेतल्या रुग्णांचं शुश्रूषा केंद्र, आहे. तिथल्या डॉ. ख्रिस्तोफर कर यांच्या गटानं भरती असलेल्या ५९ रुग्णांना रोज भेटून त्यांची स्वप्नं आणि जागेपणी दिसणारी माणसं यांची विचारपूस केली. तो अभ्यास २०१४ मध्ये छापून आला. बहुतेक रुग्णांना असं काही तरी दिसलं होतं आणि ते अगदी खरं वाटलं होतं. मृत्यू जवळ येत गेला तशी आधी गेलेली माणसं जास्त दिसू लागली, आणि जिवंत माणसं दिसण्यापेक्षा त्यांच्या दिसण्यानं रुग्णांना जास्त दिलासा मिळाला. काहींना त्रासदायक गोष्टीही दिसल्या. आमच्या वॉर्डातलं चित्र याहून फार वेगळं नाही. फरक एवढाच, की तिथं रोज कुणीतरी विचारत होतं.

आपल्याकडेही हा अभ्यास झालेला आहे, आणि तो आपल्या विद्यार्थ्यांना कळत नाही याची मला खरंच खंत वाटते. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या डॉ. सतवंत पसरिचा यांनी अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ इयन स्टीव्हन्सन यांच्यासोबत उत्तर भारतातल्या १६ जणांचे अनुभव १९८६ मध्ये प्रसिद्ध केले. मेले म्हणून धरले गेलेले किंवा मरणाच्या टोकाला जाऊन परतलेले असे हे लोक. त्यांच्या सांगण्यात पाश्चात्त्य रुग्णांचा बोगदा आणि त्याच्या टोकाचा उजेड नव्हता. त्यांना यमदूत घेऊन गेले होते, तिथं वही उघडली गेली होती, आणि "हा माणूस नव्हे, चुकून आणलात" म्हणून परत पाठवलं गेलं होतं. त्याआधी कार्लिस ओसिस आणि एर्लेंडर हाराल्डसन यांनी अमेरिका आणि उत्तर भारत अशा दोन्हीकडच्या डॉक्टरांना आणि नर्सना त्यांचे मरणारे रुग्ण काय पाहतात, हे विचारलं होतं. अमेरिकेत जास्त करून गेलेले आप्त दिसत, भारतात देव आणि यमदूत यांचं प्रमाण मोठं होतं. आमच्या वॉर्डात मला दोन्ही आढळतं. पंढरीची वारी करणाऱ्या आजोबांना विठोबा दिसतो, वसईच्या आजींना मदर मेरी दिसते, आणि आई जवळजवळ सगळ्यांना दिसते.

यावरून माझं मत असं झालं आहे की माणूस मरणाच्या दारात जे पाहतो त्याला त्याच्या घराचा, देवाचा आणि भाषेचा रंग असतो. काही डॉक्टर म्हणतात, "म्हणजे हे मनाचेच खेळ." असतील. म्हणून ते कमी महत्त्वाचे कसे ठरतात, हे मात्र मला समजत नाही. दुखणंही मेंदूतच उमटतं आणि त्याला आम्ही शून्य ते दहा असा आकडा देऊन दर चार तासांनी लिहितो.

हृदय बंद पडून परत सुरू झालेल्यांचे अनुभव तर आता नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकांत छापून येतात. नेदरलँड्समधले हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हॅन लोमेल यांनी १० रुग्णालयांतल्या ३४४ रुग्णांचा अभ्यास २००१ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये मांडला. त्यातल्या ६२ जणांनी, म्हणजे १८ टक्क्यांनी, हृदय बंद असतानाच्या काळातलं काही तरी सांगितलं. कुणाला किती वेळ हृदय बंद होतं किंवा कोणती औषधं दिली होती, याच्याशी त्याचा मेळ बसला नाही. पुढे सॅम पार्निया यांच्या गटानं १५ रुग्णालयांत आणखी कसोशीनं काम केलं. छताजवळ फळ्या लावून त्यांवर फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं ठेवली. कुणी खरोखरच शरीराबाहेर जाऊन वरून पाहत असेल, तर त्यानं ते चित्र सांगावं! २०१४ मध्ये निष्कर्ष आले. २०६० वेळा हृदय बंद पडलं होतं, मुलाखती १४० जणांच्या होऊ शकल्या, आणि स्वतःच्या पुनरुज्जीवनाचा तपशील पाहिल्या-ऐकल्यासारखा सांगणारे दोघेच निघाले. त्यातल्या एकाचं वर्णन पडताळता आलं. पण त्या दोघांच्या खोल्यांत फळ्याच नव्हत्या. २०२३ मधल्या दुसऱ्या अभ्यासात ५६७ रुग्ण होते, ५३ वाचले, २८ बोलू शकले, आणि ११ जणांना त्या वेळच्या जाणिवेचे काही ना काही अंश आठवले. दाखवलेलं चित्र या वेळीही कुणी सांगू शकलं नाही. मात्र सीपीआर, म्हणजे छाती दाबून हृदय चालू करायचे प्रयत्न, सुरू असताना तासाभरापर्यंत काही रुग्णांच्या मेंदूत जागेपणीसारखे तरंग उमटलेले दिसले. आतापर्यंत पुस्तकं सांगत होती की काही मिनिटांत सगळं संपतं.

त्याच वर्षी मिशिगन विद्यापीठातल्या जिमो बोर्जिगिन यांनी व्हेंटिलेटर काढलेल्या चार रुग्णांच्या मेंदूचा आलेख मांडला. त्यातल्या दोघांत मरताना गॅमा हे मेंदूतले वेगवान तरंग एकदम उसळले होते. ते दोघे गेले, त्यांनी काय पाहिलं ते कुणालाच कळणार नाही. जिनिव्हात ओलाफ ब्लांके यांनी २००२ मध्ये अपस्मार असलेल्या एका बाईच्या मेंदूतल्या एका ठरावीक जागी वीजेचा सूक्ष्म प्रवाह दिला, तेव्हा तिला आपण वरून स्वतःकडे बघतोय असं वाटलं होतं.

हे सगळं मी इथं मांडते आहे, कारण पत्र वाचून दोन्हीकडचे लोक मला आपल्या बाजूला ओढतील. एक म्हणतील, बघा, आत्मा सिद्ध झाला. तो झालेला नाही. दुसरे म्हणतील, मेंदूत वीज आहे, विषय संपला. तोही संपलेला नाही. जाणीव कशी उपजते आणि केव्हा मावळते, हा वैद्यकातला आजचा खुला प्रश्न आहे आणि आपल्या रुग्णालयांत तो रोज रात्री बोलत असतो. ज्या प्रश्नावर 'लॅन्सेट'मध्ये जागा मिळते, त्याला आपल्या केसपेपरवर एक ओळ मिळू नये?

आता दोन माणसांच्या जाणिवेतल्या नात्याबद्दल.

"बाबा गेले त्याच मिनिटाला गावाकडे आई दचकून उठली," असं नातेवाईक पुष्कळदा सांगतात. मी ते ऐकून घेते. एरवी कितीतरी रात्री ती दचकून उठली असेल आणि काहीच घडलं नसेल, हे मला कळतं, म्हणून त्यावर मी काही उभारत नाही. पण ज्याचा बाप गेलाय त्याच्याशी वाद घालायची ती वेळही नसते. दूरवरून केलेल्या प्रार्थनेचं तर मोजमाप झालेलं आहे. अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत बायपास झालेल्या १८०२ रुग्णांचा अभ्यास २००६ मध्ये आला. अनोळखी लोकांनी प्रार्थना केल्यानं गुंतागुंत कमी झाली नाही. आपल्यासाठी प्रार्थना चालली आहे हे ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात तर गुंतागुंत थोडी जास्तच निघाली, ५९ टक्के. मी स्वतः देवाला हात जोडणारी आहे आणि तरीही हा अभ्यास विद्यार्थ्यांना शिकवला पाहिजे असं मानते.

जवळचं माणूस जवळ असणं, ही मात्र वेगळी गोष्ट. २०१८ मध्ये पावेल गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांनी २२ जोडप्यांवर प्रयोग केला. बाईच्या हाताला उष्णतेचा चटका देत आणि दोघांच्याही मेंदूचा आलेख काढत. जोडीदारानं हात धरला की वेदना कमी व्हायची आणि दोघांच्या मेंदूतले तरंग एकमेकांशी जुळू लागायचे. जितके जुळायचे तितकी वेदना कमी. जोडीदाराला तिची वेदना जितकी नेमकी ओळखता यायची तितकं हे जुळणं जास्त. प्रयोग छोटा आहे आणि त्यातली जोडपी तरुण, निरोगी होती. पण हे वाचलं तेव्हा मला कित्येक रात्री आठवल्या. धाप लागलेल्या माणसाच्या छातीवर लेकीनं तळवा ठेवलेला असतो, हळूहळू दोघांचा श्वास एका लयीत येतो, आणि मॉर्फिनचा जादा डोस मागावाच लागत नाही. आम्ही याला उपचार म्हणत नाही, त्याची नोंद करत नाही, आणि आयसीयूच्या दाराबाहेर त्याच लेकीला बसवून ठेवतो. भेटायची वेळ संध्याकाळी अर्धा तास.

२०२० आणि २०२१ मध्ये कोविडच्या साथीत हे टोकाला गेलं. तेव्हा इलाज नव्हता, हे मी जाणते. पीपीई किटच्या आत घामानं निथळत आम्ही रुग्णाच्या कानाशी मोबाइल धरायचो. पलीकडून कुणी नातवाचं नाव घ्यायचं, कुणी हरिपाठ म्हणायचं, कुणी नुसतं रडायचं. व्हेंटिलेटरवरच्या, भूल दिलेल्या माणसाची नाडी त्या आवाजासरशी बदलायची. प्रत्येक वेळी नाही, पण पुष्कळदा. मग फोन ठेवून हातमोज्याच्या आतून आम्हीच त्यांचा हात धरून उभ्या राहायचो. त्या काळात नर्स झालेल्या मुली अजूनही मला विचारतात, त्यांना कळत होतं का हो आपण होतो ते? याचं उत्तर देणारा तास त्यांच्या अभ्यासक्रमात कधी झाला नाही. एखाद्या मरणानंतर दोन-दोन दिवस गप्प राहणाऱ्या, "ते गेले तेव्हा खोलीत काहीतरी बदललं" असं चाचरत सांगणाऱ्या कितीतरी सिस्टर आणि ब्रदर मी पाहिले आहेत. आपल्याला वेडं ठरवतील म्हणून ते कुठं बोलत नाहीत. त्यांचं ऐकणारंही कुणी हवं.

महाराष्ट्रात हा विषय काढला की अंधश्रद्धेचा प्रश्न येतोच, आणि तो आलाच पाहिजे. डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्याच पेशातले, मिरजेला शिकलेले, साताऱ्यात दवाखाना चालवलेले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. तो कायदा मला प्राणाइतका मोलाचा वाटतो. अंगारे, गंडे, "कॅन्सर उतरवून देतो" म्हणणारे बाबा यांनी नागवलेली कुटुंबं आमच्याकडे येतात तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो. पण ही कुटुंबं बाबाकडे का गेली, हे विचारलं की अनेकदा असं कळतं: आजींना रात्री कुणीतरी दिसत होतं, डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले किंवा चिडले, आणि शेजारच्या कुणी "एक जण आहेत, त्यांना यातलं कळतं" म्हणून पत्ता दिला. बाबानं निदान ऐकून घेतलं. मग बाहेरची बाधा सांगून बकरा आणि पैसे मागितले. आपण ऐकायचं टाकलं, ती जागा त्यानं भरली.

तेच कुटुंब आमच्याकडे असतं तर मी त्यांना सांगितलं असतं, की शेवटच्या आठवड्यांत असं अनेकांना दिसतं, ही करणी नाही, भूत नाही, आजींना त्याचा त्रास होत नसेल तर आपणही घाबरायचं नाही, त्यांना विचारा कोण आलंय. "विझताना दिवा मोठा होतो" म्हणतात तसं महिनोन् महिने न ओळखणारा माणूस एखाद्या दुपारी लख्ख ओळखून बोलायला लागला, तर बरा झाला समजून घरी जायची घाई करू नका, जवळ बसा. एवढं बोललं तरी लोकांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. घरी नेऊन सोडवणारे मांत्रिक शोधायचे थांबतात. अंधश्रद्धेविरुद्ध वॉर्डात करण्यासारखं याहून मोठं काम मला ठाऊक नाही.

आता तुमच्या हातात काय आहे ते.

२०१९ च्या बॅचपासून एमबीबीएसला वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा 'एटकॉम' अभ्यास आला. त्यात शवविच्छेदनाच्या देहाला पहिला गुरू मानायला शिकवतात, ते मला फार आवडतं. मृत्यूला सामोरं जाण्याचं सत्रही त्यात आहे. पण ते मुख्यतः वाईट बातमी कशी सांगावी आणि नातेवाइकांशी कसं बोलावं याभोवती फिरतं. मरणारा माणूस स्वतः काय सांगतो, हा भाग त्यात घाला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची चौकट तुम्हाला मोडता येणार नाही, पण सत्र कसं घ्यायचं, परीक्षेत काय विचारायचं, इंटर्नशिपच्या लॉगबुकात कोणती नोंद असावी, यात विद्यापीठाचा शब्द चालतो. शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एक स्टेशन, म्हणजे एका प्रसंगाची चाचणी, ठेवा: "रुग्ण सांगतो की त्याला गेलेला भाऊ दिसतो. तपासा आणि बोला." विद्यार्थी लघवी आणि कॅल्शियम तपासायचं विसरला तरी गुण जावेत, आणि "भाऊ काय म्हणतो?" असं विचारायचं विसरला तरी.

प्रश्न नव्यानं शोधावे लागणार नाहीत. डॉ. ख्रिस्तिना पुखाल्स्की यांनी १९९६ मध्ये चार साध्या विचारण्या आखल्या. तुमचा आधार कशावर आहे, आजारपणात त्याला किती महत्त्व आहे, तुमच्या सोबत कोण आहेत, आणि आम्ही यात काय करावं. कॅनडातल्या हार्वी चोचिनॉव्ह यांचा तर एकच प्रश्न आहे. तुमची नीट काळजी घ्यायची तर माणूस म्हणून तुमच्याबद्दल आम्हाला काय ठाऊक असायला हवं? हा प्रश्न मी कोल्हापुरी, वऱ्हाडी, कोकणी, सगळ्या वळणांच्या मराठीत विचारलेला आहे आणि उत्तर मिळालं नाही असं क्वचितच झालं. देवाला न मानणारे लोकही भरभरून बोलतात, त्यांच्यासाठी आधार म्हणजे कधी युनियन असते, कधी शेत, कधी नात. त्यांच्यावर देव लादू नका, हेही विद्यार्थ्यांना याच तासाला सांगायला हवं.

लंडनला १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या. माणसाचं दुखणं शरीराचं, मनाचं, घराचं आणि अंतःकरणाच्या गाभ्याचं असं एकत्रच असतं, ही त्यांची शिकवण. जागतिक आरोग्य संघटनेनं २००२ च्या पॅलिएटिव्ह केअरच्या व्याख्येत आध्यात्मिक बाजू स्पष्टपणे घातली. आपल्या मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस. टाटा मेमोरियलमध्ये पॅलिएटिव्ह मेडिसिनचा एमडी अभ्यासक्रम चालतो. अनुभवी माणसं राज्यातच आहेत, बाहेरून कुणी आणायला नको.

केसपेपरवर मात्र मला एक छापील रकाना हवा आहे. वेदनेच्या आकड्याखाली, "रुग्णास दिसणारे / भेटणारे, आणि त्याचा रुग्णावर परिणाम". नर्सनं भरायचा, डॉक्टरांनी वाचून सही करायची. तो भरलेला असेल तर दुपारच्या पाळीची सिस्टर विचारेल, "आई आज आली होती का?" आणि रुग्णाला परत पहिल्यापासून समजावत बसावं लागणार नाही. भ्रमाचं औषध लिहिण्याआधी त्या रकान्यावर नजर जाईल. दहा वर्षं तो भरला गेला तर मराठी माणूस मरताना काय पाहतो याची आपल्या मातीतली नोंद तयार होईल, रुग्णाचं नाव न येता, त्याच्या संमतीनं आणि नीतिमत्ता समितीच्या देखरेखीखाली. आणि ज्या रुग्णाचं मरण जवळ आलं आहे त्याच्यापाशी एक नातेवाईक चोवीस तास बसू शकेल, असा नियम संलग्न रुग्णालयांना घालून द्या. त्याला एक स्टूल पुरतं.

शिकवायला कोण येणार, असं विचाराल. प्राध्यापकांबरोबर वॉर्डातल्या अनुभवी सिस्टर येतील. मी येईन. जिल्हा रुग्णालयांत वर्षानुवर्षं रात्रपाळ्या केलेल्या, निवृत्त झालेल्या कितीतरी जणी येतील, त्यांना कधी कुणी बोलावलेलं नाही. फक्त तास सकाळी साडेनऊनंतर ठेवा. आठला ओव्हर देऊन, घरी डबा टाकून यायला तेवढा वेळ लागतो.

आपली नम्र,
पॅलिएटिव्ह केअर वॉर्डातली एक परिचारिका